शटरखालचं गिऱ्हाईक

मांजरांवर आमचं अर्धं पोट चालतं. लोकांच्या घरी ती लाडाने वाढतात, सोफ्यांना नखं घासतात, कापडाच्या चिंध्या करतात आणि मग तो सोफा आमच्या दुकानात येतो. हे सांगाडा ठोकतात, स्प्रिंगा बांधतात, भरण भरतात. कापड बेतणं आणि मशीनवर शिवणं माझ्याकडे. पण म्हणून मांजराला दुकानात पाय ठेवू द्यायचा असं थोडंच आहे? नव्या कापडाचे तागे भिंतीशी उभे असतात. त्यातून ही एक राखाडी पट्ट्यांची, कान फाटलेली मांजरी बरेच दिवस दुकानात घुसत होती. हे झाडू उगारायचे, ती पळायची, यांची पाठ वळली की परत हजर. "अगं, गिऱ्हाईक आलंय बघ," असं हे मला आतून ओरडून सांगायचे, म्हणून तिचं नाव गिऱ्हाईक पडलं.

एका दुपारी जेवायला वर जायचं म्हणून यांनी शटर ओढलं. आमचं शटर म्हणजे जुनं धूड. अर्ध्यापर्यंत रडत रडत येतं आणि मग एकदम सुटतं. ते सुटलं आणि नेमकी तेव्हाच ही बया बाहेरून आत झेपावली. पुढचे पाय आत गेले, मागचे शटरखाली राहिले. ती एकदाच ओरडली. मी जिन्यात होते. वळून बघते तर हे दोन्ही हातांनी शटर वर रेटत होते.

शटर वर गेल्यावर कुठलंही जनावर बाहेर पळालं असतं. ही पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत आत सरकत होती. मागचं अंग नुसतं फरफटत येत होतं. आम्हाला वाटलं, भेदरलीय, तिला दिशा कळत नाही. यांनी फोमचा एक तुकडा तिच्याखाली सरकवला, तर तिने त्यांच्या अंगठ्यात दात रुतवले ते सोडेचना.

एवढ्यात सासूबाई जिन्यावरून डोकावल्या. "मेली का?"

"नाही, आई."

"मग तोंडं काय बघत बसलात? न्या की डॉक्टरकडे."

सासूबाईंना मांजर आवडत नाही. मांजर माणसाचं नसतं, घराचं असतं, स्वार्थी जात, असं त्यांचं म्हणणं. पण स्वतःच्या अंगावरची शाल काढून त्यांनीच खाली टाकली, आणि ती पुन्हा कधी परत मागितली नाही.

जनावरांची डॉक्टर म्हणजे अगदी तरुण मुलगी. टेबलाच्या कोपऱ्यात तिचा चहा निवत होता आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिने गिऱ्हाइकाला गुंगीचं इंजेक्शन दिलं, हाडाचा फोटो काढला, उजेडापुढे धरला. मांडीचं हाड तुटलं होतं आणि कंबरेलाही मार होता. सळई घालावी लागेल म्हणाली. "चालेल ती. पण पुढे बरेच आठवडे पिंजऱ्यात ठेवावी लागेल. उडी नाही, चढणं नाही. ते सांभाळलंत तर पळायलाही लागेल." आम्ही मान डोलावली. मग तिने मांजरीला उताणं केलं आणि तिचा हात पोटावरच थांबला.

"हिची पिल्लं कुठे आहेत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "हिला पिल्लं आहेत?"

"हे काय, दूध भरलंय. फार दिवसांची नसणार, डोळेही उघडले नसतील त्यांचे." डॉक्टरने हातमोजे काढले. "हिचं मी बघते. तुम्ही जाऊन पिल्लं शोधा. आज सापडली तर ठीक. उद्या रात्रीपर्यंत अन्नाशिवाय काही टिकायची नाहीत."

घरी येताना यांच्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलेला, त्यातून रक्त येत होतं, त्याचीही शुद्ध नव्हती. दुकानापाशी आल्यावर एवढंच म्हणाले, "शटर मी ओढलं." मी म्हटलं, "शटर रोजच ओढता." पण माझ्या म्हणण्याने त्यांच्या मनातून ते काही गेलं नाही.

मग आम्ही शोधायला लागलो. मी बाहेर, हे दुकानात. मी शेजारच्या फोटोफ्रेमवाल्याला माळ्यावरची खोकी काढायला लावली, शेगड्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानामागची पत्र्याची रास हलवली. बोळात पालथी पडून गटाराच्या झाकणाला कान लावला. गच्चीवर टाकीच्या मागे हात घातला तो कोळिष्टकांनी भरून निघाला. फ्रेमवाला म्हणाला, "वहिनी, मांजर दर चार दिवसांनी पिल्लं हलवते, एव्हाना पार पलीकडच्या गल्लीत असतील." म्हणून पलीकडची गल्लीही झाली. दिसेल त्याला विचारलं. लोक सांगायचे, हो, राखाडी मांजर बघितलंय. कुठे, तर तुमच्याच दुकानात.

यांनी दुकान उपसलं. ताग्यांच्या मागे, बेतायच्या टेबलाखाली, फोमच्या चुऱ्याची पोती, माझ्या चिंध्यांची टोपली, सगळं. टॉर्च घेऊन एकेका सोफ्याच्या पोटात बघितलं. आणि बघता बघता हातातलं कामही उरकत होते, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक येणार होता. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. त्यांच्या वडिलांच्या वेळचा तीन माणसांचा सोफा कितीतरी दिवस आमच्याकडे उघडा पडला होता. बाईंना कापड पसंत पडत नव्हतं. त्या दूर दुसऱ्या गावी मुक्कामाला गेलेल्या, कापडाचे नमुने टपालाने जायचे आणि लाल शाईत शेरा मारून परत यायचे. शेवटी एक पास झालं. सोफा तयार होता, फक्त तळाचं काळं कापड ठोकायचं राहिलं होतं. ते यांनी त्या संध्याकाळी ठोकलं.

अंधार पडेपर्यंत आम्हाला काहीही सापडलं नाही. सकाळी ट्रक आला, सोफा गेला. दुपारच्या आत डॉक्टरचा फोन आला की सळई बसली, मांजरी शुद्धीवर आहे, घेऊन जा. हे जाऊन घेऊन आले. यांनी उरलेल्या सागाच्या पट्ट्यांचा आणि जाळीचा पिंजरा करून ठेवला होता, वरून उघडणारा. बाजारचा पिंजरा यांच्या डोळ्यांना खपत नाही. तो बेतायच्या टेबलावर ठेवला, म्हणजे माझ्या नजरेसमोर. गिऱ्हाइकाची मागची मांडी भादरलेली, त्यावर टाक्यांची रेघ, टाके एकसारखे आणि जवळजवळ, मला आवडले. ती तोंड भिंतीकडे करून पडली. दूध ठेवलं, मासळी उकडून ठेवली, तिने नाक फिरवलं.

जेवायला बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून हे म्हणाले, "बाईंच्या सोफ्याने जाता जाता जीव खाल्ला. तळाचं कापड मारताना एक स्प्रिंग सारखी कुरकुरत होती. सोफा आडवा केला की कुरकुर. मेण लावलं, सुतळी आवळली, तेव्हा कुठे गप्प झाली."

"कुठली स्प्रिंग?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा सगळा संसार या दुकानावर झालेला. सासरे सोफेच बनवायचे.

"डाव्या हाताकडची."

"हातात कुठली आली स्प्रिंग? तुझ्या वडिलांनी तर कधी घातली नाही."

"हातात नाही गं आई, हाताच्या..." आणि हे थांबले. त्यांचा घास हातात तसाच राहिला.

सोफ्याचा हात म्हणजे एक पोकळ पेटी असते. आतून फळी, बाहेरून भरण आणि कापड. जुन्या सोफ्यांच्या हातांत काथ्याचं भरण असतं, ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. जिथलं भरण चांगलं तिथे हात लावायचा नाही, हा यांच्या वडिलांचा नियम. यांनी वरून तळवा दाबून बघितला होता, भरण पक्कं लागलं, म्हणून हात उघडले नव्हते, नवं कापड वरूनच चढवलं होतं. तळाशी मात्र फळीच्या कोपऱ्यात फट असते. टॉर्चच्या उजेडात स्प्रिंगा दिसतात, ती फट दिसत नाही. मांजराला मात्र ती बरोबर सापडते. म्हणून ती बया झाडू खाऊन खाऊन परत येत होती, आणि म्हणूनच मोडलेली कंबर घेऊन बाहेर न पळता आत सरकत होती.

यांनी ट्रकवाल्याला फोन लावला. लागला तेवढं नशीब. तो म्हणाला, "शेठ, सोफा पार आत आहे. पुढे कपाटं लागलीत, वर गाद्या. रस्त्यात कुठे उतरवू?"

मी फोन हातातून ओढून घेतला. "दादा, जरा थांबून कान तरी लावा. आतून आवाज येतो का बघा."

"ताई, या गाडीत मला माझा आवाज ऐकू येत नाही. संध्याकाळी पोचतोच आहे."

संध्याकाळपर्यंत आम्ही काय केलं ते सांगण्यासारखं नाही. हे हातोडी घेत होते आणि खाली ठेवत होते. मी एक शिवण तीनदा उसवली. सासूबाई पिंजऱ्यापाशी खुर्ची टाकून बसल्या आणि मधूनमधून मांजरीला म्हणत राहिल्या, "खा गं, खा." मांजरीने खाल्लं नाही. तिची आचळं दुधाने टणक झाली होती, हात लावला की कण्हायची. डॉक्टर म्हणाली होती, गरम फडक्याने शेका, पण पिळू नका. मी शेकत होते. बाई आहे मी, ते दुखणं मला ठाऊक होतं, आणि शेकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

फोन बाईंनीच केला. "सोफा मिळाला. कापड बरं दिसतंय. शिवण सरळ आहे."

"बाई," यांनी धीर करून सांगितलं, "एक विनंती आहे. सोफा उलटा करून तळाचं कापड फाडा. डाव्या हाताच्या बाजूने."

फोन स्पीकरवर होता. मग बाई म्हणाल्या, "मी उभा जन्म शाळेत काढलाय. बहाणे मला न सांगता कळतात. तुमच्या ट्रकमध्ये काहीतरी फाटलंय आणि ते माझ्या हातून फाटलं असं तुम्हाला दाखवायचंय."

"नाही हो बाई. आत मांजराची पिल्लं आहेत."

"माझ्या वडिलांच्या सोफ्यात?"

मीच पुढे झाले आणि सगळं सांगितलं, शटर, सळई, दूध, कुरकुर. मधेच मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं. "थांबा," म्हणाल्या, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी कुणालातरी हाक मारली, काहीतरी जड सरकलं. कात्री चालली. ते माझं कापड होतं, दुहेरी विणीचं, फाडायला वेळ लागतो. आम्ही तिघं फोनवर वाकून त्याचा टरटर आवाज ऐकत होतो.

बाई परत आल्या तेव्हा आवाज बदलला होता. "तीन आहेत. एक गेलंय."

"आणि बाकीची, बाई?"

"ओरडतायत ती ऐकू येत नाही का तुम्हाला?"

येत होतं. अगदी बारीक. यांनी डोळे मिटून घेतले. खरंच कोरड्या पडलेल्या स्प्रिंगसारखाच होता तो आवाज, त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. पण ते मी कितीदा सांगितलं तरी त्यांना पटलं नाही. आवळलेल्या सुतळीचं त्यांनी कुणाजवळ पुन्हा नावही काढलं नाही.

हे त्याच रात्री गाडी पकडून निघणार होते. बाईंनी आधी त्यांच्या गावच्या डॉक्टरला विचारलं, आम्ही आमच्या डॉक्टरला विचारलं, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं. पिल्लं एवढी गळालीत की दिवसभराचा प्रवास झेपायचा नाही. आणि आणली तरी आईच्या अंगात औषधं आहेत, ती त्यांना पाजू शकत नाही, शिवाय ती कुशीवर वळली तर सळई हलेल. "चांगली व्हायला हवीत ना, आई आणि पिल्लं तिघंही?" आमची डॉक्टर म्हणाली. "मग जिथे आहेत तिथे असू द्या." बरोबरच होतं तिचं. बरोबर असलेलं ऐकून इतका राग मला कधी आला नव्हता.

बाईंनी पिल्लं वाढवायला घेतली आणि ते काम शाळेसारखंच चालवलं. ड्रॉपरने दूध, गरम पाण्याची बाटली, वेळच्या वेळी. रोज एक व्हिडिओ पाठवायच्या आणि त्यात मागून त्यांचा आवाज: "हा काळा आळशी आहे. हिची प्रगती समाधानकारक." आम्ही तिघं जेवताना तो बघायचो. सासूबाई पुन्हा पुन्हा लावायला सांगायच्या. बघ बघ, कशी तुरुतुरु चालते, असं त्यांचं सुरू असायचं. स्वार्थी प्राण्याचं एवढं कौतुक कशाला, म्हणून मी त्यांना चिडवायचे.

टेबलावरची मात्र भिंतीकडे तोंड करून पडून होती. औषध मी सिरिंजने तोंडात सोडायचे, अर्धं माझ्या मनगटावर यायचं. दूध आटलं. एक दिवस सासूबाईंच्या बोटावरची उकडलेली मासळी तिने चाटली, दुसऱ्या दिवशी खाल्ली. यांनी त्या आनंदात पिंजऱ्याला आतून फोम लावला. डॉक्टरने पायाचा पुन्हा फोटो काढला, तो बघून ती पहिल्यांदाच हसली. हाड धरतंय म्हणाली. अजून थोडे आठवडे असंच सांभाळा, मग सोडायची.

पण ती बरी होत होती म्हणजे फक्त तिचा पाय बरा होत होता. मी मशीनवर बसले की ती मान वळवून मोकळ्या जागेकडे बघायची, जिथे बाईंचा सोफा असायचा. आवाज नाही, काही नाही, नुसतं बघायची. जिवंत आहेत गं, दूध पितायत, एक तर लठ्ठ झालाय, हे तिला सांगायला माझी जीभ शिवशिवायची. मी सांगायचेही. माणसासारखं बोलायचे तिच्याशी. ती डोळे मिटायची. घरातल्या तिघांना माहीत होतं, परगावच्या बाईंना माहीत होतं, फ्रेमवाल्यालासुद्धा माहीत होतं, आणि जिला कळायला हवं तिलाच ते कळत नव्हतं. हे मला सहन होईना.

त्या दिवशी हे लाकूड आणायला गेले होते. मी पिंजऱ्याचं झाकण उघडून तिची वाटी भरत होते, तेवढ्यात बाईंचा व्हिडिओ आला. पिल्लं दुधासाठी ओरडत होती, दोघंही, चांगली दणकून. मला वाटलं, ऐकू दे. बघू दे. निदान जिवाला शांती तरी मिळेल. मी फोन तिच्यापुढे धरला आणि आवाज मोठा केला.

तिचे कान उभे राहिले. तिने एक आवाज काढला, घशातून, हळू, गोल. इतक्या दिवसांत तो मी कधी ऐकला नव्हता. मग तिने काच चाटली. मी हसले, मला वाटलं कळलं हिला. ती फोनच्या मागे बघायला लागली. मागे माझा तळहात. तिने तो हुंगला, पुन्हा काचेपुढे आली, पुन्हा मागे गेली. पिल्लं ओरडतच होती. मग तिने पुढचे पाय पिंजऱ्याच्या काठावर टाकले आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत अंग वर ओढून टेबलाच्या कडेवरून खाली झेप घेतली, आवाज खालून येत असेल म्हणून. माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात वाटी.

सळई वाकली. डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरला आणि बराच वेळ खाली केला नाही. "पुन्हा उघडलं तर ती टेबलावरच जाईल. तेवढी ताकद नाही तिच्यात."

"मग?"

"आता जसं जुळेल तसं जुळेल." मग तिने विचारलं, असं झालं कसं. मी सांगितलं. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि नळाखाली हात धूत राहिली.

हाड जुळलं ते वाकडं. गिऱ्हाईक आता दुकानातच राहते. मागचा पाय बाहेर फेकत फेकत चालते, उंचावर चढता येत नाही, म्हणून नव्या कापडाला तिच्यापासून धोका नाही. झाडू तिच्यावर कुणी उगारत नाही. हे आता प्रत्येक सोफ्याचे हात उघडतात, भरण कितीही चांगलं असलं तरी. काम रेंगाळतं, लोक कटकट करतात. मी काही बोलत नाही. आणि दुकानात फोनवर कुणाचंही लहान मूल रडलं, एखादी बारीक घंटी वाजली, की ती असेल तिथून उठून येते. फोनपुढे बसते. मग त्याच्या मागे जाऊन बघते. मी बाईंचे व्हिडिओ वरच्या खोलीत दार लावून बघायला लागले.

पुढे बाई त्यांच्या मूळ घरी परतल्या, आमच्याच गावात. सोफ्याच्या तळाचं कापड पुन्हा ठोकून हवं होतं. त्या दुकानात आल्या त्या हातात मोठी झाकणाची टोपली घेऊन. उंच, ताठ बाई, पण टोपली अशी धरली होती, जणू आत काच आहे. "आईला भेटवायला आणलंय," म्हणाल्या.

हे पटकन शटर ओढून घेणार होते, मग ओढता ओढता थांबले आणि नुसतं दाराशी उभे राहिले. सासूबाई जिना उतरून आल्या. बाईंनी झाकण उघडलं. दोन्ही पिल्लं बाहेर आली, पिल्लं कसली, आईएवढीच झालेली, तुकतुकीत, एक काळा आणि एक तिच्यासारखीच राखाडी पट्ट्यांची. राखाडी थेट गिऱ्हाइकाकडे गेली आणि नाक पुढे केलं.

गिऱ्हाइकाने पाठ फुगवली, दात दाखवले आणि तिच्या तोंडावर पंजा मारला.

पिल्लू मागे सरलं. पुन्हा पुढे आलं, पुन्हा पंजा. काळा लांबूनच बघत होता, त्याच्यावरही ती गुरगुरली. "अगं, तुझीच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "तुझीच आहेत गं." तिने त्यांच्याकडेही बघितलं नाही.

बाई ओशाळल्या. मोठ्या मनाने एवढं घेऊन आलेल्या, आणि हे असं. "मोठी झालीत ना, वास बदलला असेल माझ्या घरात," त्या म्हणाल्या. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी पर्समधून फोन काढला. "एवढीशी होती हो. तुम्हाला आठवतंय ना?" मला कळलं त्या काय करतायत. मी हात पुढे केला, पण तोवर त्यांचं बोट लागलं होतं. पिल्लं ओरडायला लागली.

गिऱ्हाईक उठली. पंज्याच्या टप्प्यात उभ्या असलेल्या राखाडीला बाजूला ढकलून, पाय फेकत, शक्य तेवढ्या घाईने ती बाईंच्या पायाशी आली आणि तो आवाज काढला, घशातून, हळू, गोल. बाईंनी नकळत फोन खाली धरला. तिने काच चाटली. मग मागे जाऊन बघितलं.

"बाई, बंद करा ते," मी म्हटलं. बाईंना घाईत ते बंद करता येईना. शेवटी यांनी फोन घेतला आणि आवाज थांबवला. गिऱ्हाईक यांच्या हाताच्या मागे बघून आली, मग बाईंच्या चपलांच्या मागे, मग टोपलीत. टोपली रिकामी होती. पिल्लं तिच्या शेपटीशी उभी होती, आणि आम्ही चार मोठी माणसं तिथे उभे होतो, तिला काय सांगावं हे आमच्यातल्या एकालाही कळत नव्हतं.